उशांच्या कापसावर चाललेली जिन

माझ्या दोन्ही नातवंडांनो,

धाकटीचं पत्र गेल्या आठवड्यात आलं. तुम्ही राहता त्या शहरातल्या लोकरीच्या गिरण्या बंद पडल्या, आता सरकार तिथे चित्रांचं प्रदर्शन आणि कॉफीचं दुकान काढून शहराला पुन्हा उभं करणार आहे, आणि त्यासाठी पुढच्या महिन्यात एक समिती घरोघर जाऊन प्रश्न विचारणार आहे, असं तिनं लिहिलं आहे. 'आजी, तुमच्याकडे असं कधी झालं होतं का?' असंही विचारलं आहे.

झालं होतं. तेव्हा सरकारी साहेब आणि गाव यांच्या मधे दुभाषी म्हणून मी उभी होते, आणि जो घोटाळा झाला त्यात माझा हात होता. समिती तुमच्या दारात यायच्या आत हे तुमच्या हाती पडावं, म्हणून आज बाकीची कामं बाजूला ठेवून लिहायला बसले आहे. थोरल्याला मराठी वाचायला वेळ लागतो, त्यानं हळू वाचावं. गावातल्या माणसांचं बोलणं मी वऱ्हाडीतच लिहिणार आहे. तुमच्या पुण्याच्या आजीला ते उद्धट वाटतं, पण त्याला माझा इलाज नाही.

आमचं गाव अकोल्याहून अकोटला जाताना लागायचं. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेलं होतं आणि सरकार बसायचं नागपूरला. त्यामुळे गावात काही बरं झालं की ते वऱ्हाडानं केलं आणि वाईट झालं की ते नागपूरनं केलं, अशी सोयीची वाटणी होती. बाबा अकोटच्या कोर्टात वकील होते आणि रोज दमणीनं, म्हणजे हलक्या बैलगाडीनं, जायचे-यायचे. मी अमरावतीला मुलींच्या हायस्कुलात शिकत होते आणि सुट्टीत घरी यायची.

गावात एक जिनिंग फॅक्टरी होती. आम्ही तिला नुसतं 'जिन' म्हणायचो. शेतातून येतो तो कापूस, त्यातली सरकी जिनमध्ये वेगळी होते आणि उरते ती रुई. बायका रांगेनं रेच्यांपुढे, म्हणजे सरकी काढायच्या यंत्रांपुढे, बसायच्या आणि त्यांच्या तोंडात कापूस टाकत राहायच्या. सगळं गाव जिनच्या भोंग्यावर चालायचं. आई भोंग्यावर वरण उतरवायची, शाळा भोंग्यावर सुटायची, आणि गावातलं एकुलतं एक मोठं घड्याळ आमच्या ओसरीवर असूनही बाबा निघायचे ते भोंगा ऐकूनच, कारण घड्याळ बाबांसारखंच स्वतःच्या मतानं चालायचं.

मग मंदी आली. कापूस कमी आणि जिना जास्त, तेव्हा आसपासच्या मालकांनी आपसात करार केला की काही जिना चालवायच्या आणि काही बंद ठेवायच्या, आणि बंद ठेवणाऱ्यालाही नफ्यात वाटा द्यायचा. आमच्या जिनचा शेठ अकोल्याला राहायचा. त्याला बंद जिन चालत्या जिनपेक्षा बरी वाटली. कुलूप लागलं. भोंगा थांबला, आणि दोन वर्षं गावात कोणीही कुठेही वेळेवर पोचलं नाही.

आमच्या मागच्या गल्लीत जिनमधल्या बायकांची मुकादमीण राहायची. मी तिला मावशी म्हणायची. उंच, सडसडीत, आवाज असा की यंत्राच्या वरून ऐकू यावा. नवरा गेल्यावर तिनं स्वतःच्या हातानं माती तुडवून दोन खोल्यांचं घर बांधलं होतं आणि दोन मुली वाढवल्या होत्या. तिच्या हाताखाली अकरा जणी. त्या उन्हाळ्यात मी सुट्टीला आले त्याच आठवड्यात ती आमच्या ओसरीवर येऊन बसली.

"वकीलसाहेब, नागपूरच्या गिरणीचा मानूस येऊन गेला. मिरग लागला का तुमा बाराही जनींले घेऊन जातो म्हंते."

"मग?"

"मंग काय? मले नाई जा लागत. घराले कुलूप लावून मी कोठी जाऊ? पन काम नाई त राहू बी कशी?"

बाबांकडे कोर्टात एक छापील पत्रक आलं होतं. नागपूरच्या एका खात्यानं ठरवलं होतं की ज्या कसब्यांतले कारखाने बंद पडले, तिथे नवा धंदा काढून द्यायचा. निवडलेल्या गावाला सतरंज्या विणायचे माग आणि शिकवणारा माणूस मिळणार होता. अर्ज करायचा, मग साहेब पाहणीला येणार. मिरग, म्हणजे पावसाचं मृग नक्षत्र, लागायला महिना-सव्वा महिना होता.

"अर्ज ही लिहील," बाबा माझ्याकडे बोट करून म्हणाले. "माझं इंग्रजी कोर्टातलं आहे. ते वाचून सरकार उलट आपल्यावरच दावा लावेल."

मी एका बैठकीत अर्ज लिहिला. इंग्रजीच्या बाईंनी आम्हाला 'माझे गाव' या निबंधाचा साचा घोटून दिला होता: आधी गाव कुठे आहे, मग हवामान, मग पिकं, आणि शेवटी रहिवासी कष्टाळू व समाधानी आहेत. मी तसंच लिहिलं. बाबांनी चष्मा लावून वाचलं आणि 'समाधानी' हा शब्द तांबड्या शाईनं खोडला.

"समाधानी माणसं अर्ज करत नाहीत, बाई."

पंधरा दिवसांनी उत्तर आलं. साहेब येत्या मंगळवारी येणार.

रविवारी आमच्या अंगणातल्या कडुलिंबाखाली सभा भरली. मावशी आणि तिच्या अकरा जणी, बाबा, आणि जिनचं इंजीन सांभाळणारे मिस्त्रीचाचा. जिन बंद पडली तरी चावी चाचांकडेच होती. दोन वर्षं ते रोज सकाळी आत जाऊन थंड इंजीन फडक्यानं पुसून यायचे. चाचांनी पहिलाच मुद्दा असा मांडला की सभेचा रंग बदलला.

"वकीलसाहेब, पाव्हना घरी येऊन राहिला अन् आमी त्याले थंडी चूल दाखवू काय? गावाची काई इज्जत हाये का नाई?"

"अहो मिस्त्री, तो बंद जिन पाहायलाच येतो आहे."

"बंद त त्यानं सतराशे पायल्या असतीन. चालती पायली तवाच त त्याले समजन का बंद पडल्यानं काय गेलं!"

बाबा विचारात पडले. पंचवीस वर्षं वकिली केलेल्या माणसाला बिनतोड मुद्दा समोर आला की तो आपल्या बाजूचा आहे की विरुद्ध बाजूचा, हे विसरायला होतं. "मुद्दा बरोबर आहे," ते म्हणाले.

"पण वैशाखात कापूस कुठला?" मी विचारलं. कापूस माघ-फाल्गुनातच बाजारात जाऊन संपला होता.

"गाद्या हायेत ना घरोघरी," मावशी म्हणाली. "उशा हायेत. रेच्याले काय समजते?"

मी म्हणाले की गादीत असते ती रुई, तिच्यातली सरकी आधीच निघालेली असते, ती पुन्हा रेच्यातून काढण्यात काय अर्थ आहे? अकरा जणींनी माझ्याकडे दयेनं पाहिलं. "शिकलेली हाये," एकीनं दुसरीला समजावलं.

दोन दिवस गावभर गाद्या उसवत होत्या. आईनं आधी साफ नकार दिला. मग बाबांची उशी दिली. मग मिस्त्रीचाचांच्या बायकोनं चार दिल्या असं कळल्यावर तिनं पाहुण्यांच्या खोलीतली गादी स्वतः उसवली. माझीही उशी गेली. मला लांब केस होते आणि आई रोज खोबरेल चोपडायची, त्यामुळे माझ्या उशीतली रुई पिवळसर आणि जड झाली होती. मावशीनं ती हातात घेऊन दाबली आणि म्हणाली, "हे वरती ठेवा. चमकते कशी पाय!"

मंगळवारी दहाच्या सुमाराला साहेबाची मोटार आली. साहेब वाळका, उन्हानं लालबुंद झालेला, आणि त्याच्या हातात छापील प्रश्नांचा कागद. त्याची आधीची सगळी नोकरी सागवानाच्या जंगलात झाली होती, हे त्यानं उतरता उतरताच मला सांगितलं. कापूस कोणत्या महिन्यात येतो हे त्याला ठाऊक नसावं. तो जिनच्या फाटकातून आत शिरला आणि चाचांनी भोंगा वाजवला.

दोन वर्षांनी भोंगा वाजला, मुलांनो. आमच्या घरी आईनं सवयीनं अर्धकच्चं वरण चुलीवरून उतरवलं. गावच्या शाळेला अजून सुट्टी लागली नव्हती, तिथली मुलं दप्तरं घेऊन बाहेर पडली. चाचा इंजिनाजवळ उभे होते आणि डोळे पुसत होते. बॉयलरमध्ये पऱ्हाट्या, म्हणजे वाळलेली कापसाची झाडं, आणि गावातली दोन मोडकी दारं जळत होती. चिमणीतून काळाभोर धूर निघत होता. बाराही जणी ठेवणीतली लुगडी नेसून रेच्यांपुढे बसल्या होत्या आणि गावाच्या उशा यंत्रात टाकत होत्या.

साहेबानं रुई चिमटीत धरली. "इतकी स्वच्छ रुई मी कधी पाहिली नाही," तो मला इंग्रजीत म्हणाला. "सरकी कुठे पडते?"

मी मावशीला विचारलं.

"त्याले सांग, आमच्या रुईत सरकी राह्यतच नाई."

ते खरंच होतं. मी तसंच सांगितलं. साहेबानं लिहून घेतलं आणि वरची मूठभर चमकणारी रुई लिफाफ्यात घातली. मग त्यानं कागद पुढे धरला आणि मुकादमीण म्हणून मावशीला प्रश्न विचारायला लागला.

"कामाअभावी लोक गाव सोडून जात आहेत का?"

मावशी ताठ झाली. "कोन जाईन? आमी काय पळून जानारे लोक हाओ काय?"

मी शब्दाला शब्द सांगितलं. शाळेत मला भाषांतराचं बक्षीस मिळालं होतं. मूळ वाक्यातलं काही गाळायचं नाही, पदरचं काही घालायचं नाही, हा नियम मला तोंडपाठ होता. मागे बाबा खोकले. मला वाटलं धुरामुळे.

"दोन वेळा पोटभर जेवायला मिळतं का?"

"पाव्हन्याले असं कोनी इचारते काय वं? त्याले म्हना, तूच जेवून जाय बाप्पा. आंगावर मास नाई त्याच्या."

मी तेही सांगितलं. बाबा पुन्हा खोकले. साहेब पहिल्यांदा हसला आणि जेवायला थांबला. गोवऱ्यांवर भाजलेले कणकेचे रोडगे, त्यांवर तूप आणि तिखटजाळ वांग्याची भाजी. त्यानं तीन रोडगे खाल्ले, दोन तांबे पाणी प्यायलं, नाक पुसत पुसत सगळ्यांना नमस्कार केला आणि मोटारीत बसला. गावाला धन्य वाटलं. इतका चांगला पाहुणचार अकोटवाल्यांनासुद्धा जमला नसता, असं सर्वांचं मत पडलं.

उशा परत भरताना कोणाची रुई कोणती हे कळेना. सारखी वाटणी झाली. माझ्या वाट्याला आलेल्या उशीला पुढे कित्येक वर्षं मिस्त्रीचाचांच्या मोहरीच्या तेलाचा वास यायचा.

उत्तर लवकर आलं. मी ते ओसरीवर मोठ्यानं वाचलं आणि वाचता वाचता माझा आवाज बारीक होत गेला. गावातली जिन भर उन्हाळ्यातही जोरात चालू आहे. रुई उत्कृष्ट आहे. कोणी गाव सोडून जाताना आढळलं नाही. लोक धट्टेकट्टे, आतिथ्यशील आणि समाधानी आहेत. सबब मदतीची गरज दिसत नाही.

बाबांनी खोडलेला तो शब्द नागपूरहून परत आला होता.

कोणी कोणाला बोल लावला नाही. चाचा उठून गेले. मिरगाला बारा दिवस उरले होते. मावशीनं दुसऱ्या दिवसापासून सामान आवरायला घेतलं. मी तिच्या दारात जाऊन उभी राहिले, तेव्हा ती पितळी भांडी पोत्यात भरत होती.

"पोरी, तू काहून सारं सांगतलं जसंच्या तसं?"

"मावशी, तुम्ही बोललात तेच सांगितलं."

"माय माये! मानूस पाव्हन्यासमोर बोलते थे, अन् घरी राह्यते थे येगळं. इतकं बी नाई शिकवत काय तुमच्या अमरावतीले?"

मी खाली बसून पोत्याचं तोंड धरलं. तिनं माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि तेलकट हात पदराला पुसला.

चार दिवसांनी दुसरं पत्र आलं, खुद्द साहेबाच्या हातचं. त्यानं नेलेली रुई नागपूरच्या तज्ज्ञाला दाखवली होती. तज्ज्ञानं आयुष्यात असा वाण पाहिला नव्हता. धाग्यात वनस्पतीजन्य तेलाचा स्पष्ट अंश होता आणि रेच्यात घालण्यापूर्वीच त्यात सरकी नव्हती असं दिसत होतं. हा वाण कोणता, तो वैशाखात कसा पिकतो, आणि सरकारी शेतीसाठी त्याचं थोडं बियाणं मिळेल का, असे तीन प्रश्न त्यानं क्रमांक घालून विचारले होते.

बाबा पत्र वाचून आरामखुर्चीत आडवे झाले आणि त्यांनी ओला पंचा कपाळावर घेतला. मग त्यांनी पर्याय सांगितले. वाण नष्ट झाला असं कळवावं. किंवा बियाणं उंदरांनी खाल्लं. किंवा पत्र पोचलंच नाही. तिन्ही पर्याय कोर्टात टिकतील, असं ते म्हणाले.

मावशीला बोलावलं होतं. ती खांबाला टेकून उभी होती.

"खरं लिवा," ती म्हणाली. "तसं बी मी जाऊनच राहिली. जाता जाता कशाले लबाडी?" मग माझ्याकडे वळली. "तूच लिव. अन् या टायमाले बी जसंच्या तसं."

मी दौत घेतली. तिनं सांगितलं आणि मी इंग्रजीत उतरवलं. माझ्या जवळची नक्कल हरवली, पण मजकूर मला अजून पाठ आहे.

'साहेब, तुमी नेली थे रुई या पोरीच्या उशीतली हाये. तेल तिच्या डोक्याचं हाये. बियानं पायजे असन त तिच्या मायले इचारा. जिन दोन सालांपासून बंद हाये. धूर पऱ्हाट्यांचा होता अन् दोन दारांचा. लुगडी ठेवनीतली होती. पाव्हन्यासमोर रडाची आमाले सवय नाई, म्हनून तुमाले रडनं दिसलं नाई. रोडगे खरे होते. आमी बारा जनी हाओ. हाताले काम पायजे. मिरगाच्या आत सांगा, मंग मी इथं नाई.'

"शेवटी 'आपली नम्र सेविका' घाल," बाबा आडवे पडूनच म्हणाले.

"काहून? मी काय त्याच्या घरी भांडे घासतो?" मावशी म्हणाली. नम्र सेविका गळाली. तिनं अंगठा उठवला.

मिरगाच्या दोन दिवस आधी नागपूरच्या गिरणीचा माणूस बायकांना न्यायला आला. मावशीच्या दाराला कुलूप लागलं होतं. बाराही जणी बोचकी घेऊन जिनच्या फाटकाशी उभ्या होत्या आणि चाचा सगळ्यांना इंजीन शेवटचं दाखवत होते. तेवढ्यात अकोल्याकडून एक छकडा आला. त्यात मागाचे सुटे भाग होते, सुताची गाठोडी होती आणि अंग दुखत असलेला एक विणकर मास्तर होता. शेठनं जिनचं गोदाम वापरायला हो म्हटल्याची चिठ्ठी त्याच्याकडे होती, आणि साहेबाचं चार ओळींचं पत्र. दोन माग, सहा महिने. मुकादमिणीचं पत्र वरिष्ठांपुढे दोनदा मोठ्यानं वाचण्यात आलं. साहेब पुन्हा या बाजूला आला तर रोडगे मिळतील काय?

मी भाषांतर केलं. मावशीनं बोचकं खाली ठेवलं आणि गिरणीच्या माणसाकडे पाहिलं.

"तू जाय बाप्पा आता. नाई त बस इथंच, सतरंजी विनाले शिक."

पहिली सतरंजी एका टोकाला रुंद आणि दुसऱ्या टोकाला अरुंद झाली. मावशीला रेच्यात कापूस दाबायची सवय, ती फणी इतक्या जोरानं ठोकायची की मास्तर कानावर हात ठेवायचा. बाबांनी ती सतरंजी ओसरीवर अंथरली. फी बुडवणाऱ्या अशिलांना ते अरुंद टोकाला बसवायचे.

सहा महिने संपल्यावर मास्तर गेला. माग परत मागायला कोणी आलं नाही आणि आपण होऊन कळवावं असं बाबांना वाटलं नाही. दोनाचे पुढे सात झाले. काही वर्षांनी सातांचे पुन्हा कमी झाले. जिन मात्र कधीच चालू झाली नाही. तिची यंत्रं भंगारात गेली आणि त्या दिवशी चाचा गावात थांबले नाहीत, अकोल्याला लेकीकडे गेले. मावशीच्या दोन्ही मुलींची लग्नं त्याच दोन खोल्यांतून झाली. मावशी शेवटपर्यंत अकोल्याच्या पलीकडे गेली नाही. नागपूर कसं आहे ते तिला मीच सांगायची, आणि ती म्हणायची, "असन."

तर तुमच्या दारात समिती येईल तेव्हा तिला चहा जरूर द्या. प्रश्नांची उत्तरं मात्र चहाच्या आधी द्या.

गेल्या दिवाळीत मी गावाला जाऊन आले. जिनच्या जागी आता बटाट्या-कांद्याचं गोदाम आहे. चिमणी उभी आहे, तिच्या वरच्या टोकाला पिंपळ उगवला आहे. सातांपैकी एक माग अजून चालतो, मावशीच्याच घरात, आणि त्यावर तिची नात बसते. अरुंद टोकाची सतरंजी माझ्या खोलीत आहे.